‘निम्मी मुलं नॉर्मल होतात’ हे वाक्य आलं कुठून?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी ऑटिझम असलेलं मूल आहे त्यांनी तर नक्की वाचा.

मुलाला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता आहे असं कळलं की पहिल्या काही दिवसांतच आईबापांच्या कानावर तीन वाक्यं पडतात. ‘लवकरात लवकर थेरपी सुरू करा.’ ‘जितके जास्त तास, तितका जास्त फायदा.’ आणि ‘वेळेत सुरू केलं तर निम्मी मुलं नॉर्मल होतात.’ कुणाला हे सेंटरच्या पत्रकात वाचायला मिळतं, कुणाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळतं, कुणाला नातेवाईक सांगतात. मग आई नोकरी सोडते, बाप कर्ज काढतो, तालुक्याच्या गावचं कुटुंब पुण्या-मुंबईत भाड्याची खोली बघतं. दोन वर्षांनी मूल बरंच काही शिकलेलं असतं, पण ‘नॉर्मल’ झालेलं नसतं. आणि सगळं घर एकमेकांकडे, बहुतेक वेळा आईकडेच, बघायला लागतं. कुठे कमी पडलो?

मी डॉक्टर नाही, थेरपिस्टही नाही. गोष्टी कुठून आल्या ते शोधायची सवय आहे, तेवढ्यापुरतं लिहितोय. या तीन वाक्यांपैकी पहिलं ठीक आहे. मूल लहान असताना मदत सुरू झालेली चांगलीच. पण उरलेल्या दोन वाक्यांना एक जन्मगाव आहे आणि एक जन्मसाल आहे. लॉस एंजेलिस, १९८७. तिथे नेमकं काय झालं आणि त्यानंतर काय काय झालं, हे माहीत असेल तर थेरपीकडून काय मागायचं आणि काय मागायचं नाही, हे बरंच स्पष्ट होतं.

थोडं आधीपासून सुरू करू.

१९४३ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये लिओ कॅनर या बालमानसोपचारतज्ज्ञाने ११ मुलांबद्दल एक निबंध लिहिला. आपल्यातच रमणारी, ठरलेल्या गोष्टीत जराही बदल सहन न होणारी, बोलणं असलं तरी वेगळ्याच पद्धतीने वापरणारी मुलं. ऑटिझम हे नाव तिथून रूढ झालं. कॅनर यांनी या मुलांच्या आईबापांच्या थंडपणाबद्दलही लिहिलं होतं, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं त्याच मुद्द्याने गोंधळ घातला. आईने माया केली नाही म्हणून मूल असं झालं, असा समज पसरला. ‘रेफ्रिजरेटर मदर’ हा शब्द त्यातूनच आला. शिकागोच्या ब्रुनो बेटलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात हेच ठासून मांडलं.

त्याआधीच, १९६४ मध्ये, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून सांगितलं होतं की ऑटिझम हा मेंदूच्या वाढीचा प्रश्न आहे, आईच्या मायेचा नाही. रिमलंड अमेरिकन नौदलात नोकरीला होते आणि त्यांच्या स्वतःच्या मुलाला ऑटिझम होता. १९६५ मध्ये त्यांनी पालकांची राष्ट्रीय संघटना उभी केली. आज शास्त्र त्यांच्याच बाजूने आहे. आपल्याकडे मात्र ‘आई नोकरीला जाते ना, म्हणून’, ‘मोबाईल हातात दिला, म्हणून’ हे अजून ऐकू येतं. शब्द बदलले, आरोप तोच राहिला.

आता लोवास. ओले इवार लोवास मूळचे नॉर्वेचे, १९६१ पासून लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात, म्हणजे यूसीएलएमध्ये. त्या काळात ज्या मुलांना गंभीर ऑटिझम असे त्यांना सरकारी मनोरुग्णालयात टाकलं जाई. डोकं भिंतीवर आपटणारी, स्वतःचा हात चावून रक्त काढणारी मुलं बांधून ठेवली जात. ती काही शिकू शकतील असं कुणाला वाटत नव्हतं.

लोवास यांनी वाट धरली ती स्किनर यांच्या वर्तनशास्त्राची. तत्त्व साधं आहे. ज्या वागण्यानंतर हवी ती गोष्ट मिळते, ते वागणं वाढतं. मोठं काम छोट्या छोट्या पायऱ्यांत तोडायचं, प्रत्येक पायरी जमली की लगेच बक्षीस द्यायचं, आणि रोज लिहून ठेवायचं. हे करणारे ते एकटे नव्हते. १९६४ मध्ये वुल्फ, रिसली आणि मीस यांनी एका साडेतीन वर्षांच्या मुलाचं उदाहरण प्रसिद्ध केलं. त्याने चष्मा घातला नाही तर त्याची दृष्टी जाणार होती, आणि तो चष्म्याला हात लावू देत नव्हता. खाऊच्या बक्षिसावर, एक-एक पायरी करत त्यांनी त्याला चष्मा घालायला शिकवलं. १९६८ मध्ये या शास्त्राचं स्वतंत्र नियतकालिक निघालं आणि ‘अप्लाइड बिहेविअर अ‍ॅनालिसिस’, आपल्याकडे सेंटरच्या पाटीवर दिसतं ते ‘एबीए’, हे नाव पक्कं झालं.

पण लोवास यांच्या कामाला एक काळी बाजूही होती, आणि ती लपवून हा इतिहास सांगता येत नाही. बक्षिसाबरोबर शिक्षाही होती. मे १९६५ च्या ‘लाइफ’ मासिकात त्यांच्या प्रयोगशाळेवर सचित्र लेख आला. त्यात मुलांच्या तोंडावर ओरडणं, थपडा आणि विजेचे झटके हे सगळं होतं. लेखाचा सूर निषेधाचा नव्हता, चमत्कार दाखवल्याचा होता. स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलाला वाचवायला हे करावं लागतं, असा युक्तिवाद होता. आज ऑटिझम असलेली कितीतरी मोठी माणसं एबीएचं नाव काढलं तरी संतापतात, त्याची मुळं इथेही आहेत.

१९७३ मध्ये लोवास, कोगल आणि सहकाऱ्यांनी २० मुलांचं पुढे काय झालं ते छापलं. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला घरच्यांसाठी सगळ्यात उपयोगी निष्कर्ष हा आहे. थेरपी संपल्यावर जी मुलं परत संस्थेत गेली, ती शिकलेलं बरंचसं विसरली. ज्यांच्या आईबापांना पद्धत शिकवली होती, ती मुलं टिकून राहिली, पुढेही सरकली. म्हणजे तज्ज्ञाच्या खोलीत जे होतं ते घरात झालं नाही, तर उरत नाही.

आणि मग १९८७. लोवास यांनी ४ वर्षांखालच्या १९ मुलांना आठवड्याला ४० तास किंवा अधिक अशी थेरपी दोन वर्षं किंवा त्याहून जास्त दिली. शिकवणारे विद्यार्थी होते, शिकवणं मुख्यतः घरी होतं, आईबाप सामील होते. १९ पैकी ९ मुलं साध्या शाळेत पहिली पास झाली आणि त्यांचा बुद्ध्यंक सरासरीच्या पट्ट्यात आला. ९ भागिले १९ म्हणजे ४७ टक्के. तुलनेच्या गटांतल्या ४० मुलांपैकी फक्त एकाला तिथवर जाता आलं. ‘निम्मी मुलं नॉर्मल’ हे वाक्य या ९ मुलांतून आलं, आणि ‘४० तास’ हा आकडाही इथूनच आला.

आता याच आकड्याची दुसरी बाजू बघा. १९ पैकी १० मुलं तिथे पोचली नाहीत. त्यातली ८ भाषेत मागे असलेल्या मुलांच्या वर्गात गेली, २ जास्त गंभीर मुलांच्या वर्गात. आठवड्याला ४० तास, तेही ही पद्धत शोधणाऱ्या माणसाच्या देखरेखीखाली, आणि तरीही १० मुलं. त्यांचे आईबाप कमी पडले होते का? नव्हते.

शास्त्रीय अडचणीही होत्या. कोणतं मूल कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरलेलं नव्हतं, थेरपिस्ट किती उपलब्ध आहेत यावर ठरलं होतं. हळू बोललेला ‘नाही’ चालला नाही तर जोरात ओरडून ‘नाही’ आणि मांडीवर चापट हाही त्या उपचाराचा भाग होता. आणि साध्या शाळेत जाणं, बुद्ध्यंक वाढणं म्हणजे ऑटिझम गेला, असं होतं का? १९८९ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एरिक शॉप्लर आणि सहकाऱ्यांनी हे आक्षेप छापून मांडले. पुढे २००० साली स्मिथ, ग्रोएन आणि विन यांनी २८ मुलांवर रीतसर, चिठ्ठ्या टाकून गट पाडून अभ्यास केला. स्मिथ हे लोवास यांचेच सहकारी. फायदा दिसला, बुद्ध्यंक वाढला. पण १९८७ सारखा चमत्कार दिसला नाही, आणि रोजच्या वागण्यात दोन गटांत फारसा फरक नव्हता.

पण तोवर गाडी सुटली होती. १९९३ मध्ये कॅथरीन मॉरिस या आईने आपली दोन मुलं या पद्धतीने बरी झाल्याचं पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेतल्या पालकांनी रांगा लावल्या. त्यांनी शाळांशी, सरकारशी, विमा कंपन्यांशी लढे दिले. २००१ मध्ये इंडियाना राज्याने विम्यातून थेरपी देणं बंधनकारक केलं आणि २०१९ पर्यंत सगळ्या ५० राज्यांत तशी सोय झाली. पालकांच्या हिमतीला सलामच. पण एक गोष्ट घडली. पैसे तासावर मिळायला लागले, आणि तास हाच धंद्याचा माल झाला.

मग आज पुरावा काय म्हणतो? कॉक्रेन ही संस्था जगभरचे अभ्यास एकत्र तपासते. लहान वयातल्या सघन वर्तनोपचारावर त्यांचा २०१८ चा आढावा आहे. पात्र ठरले फक्त ५ अभ्यास, त्यात मिळून २१९ मुलं, आणि पाचांतला एकच चिठ्ठ्या टाकून केलेला. निष्कर्ष असा की काही मुलांच्या बाबतीत बुद्ध्यंक, भाषा, रोजच्या कामांची कौशल्यं यांत फायदा दिसतो, पण पुराव्याचा दर्जा कमी आहे. ‘उपयोग नाही’ असं ते म्हणत नाहीत. ‘निम्मी नॉर्मल’ असंही म्हणत नाहीत.

मधल्या काळात थेरपी स्वतःही बदलली, आणि हा भाग पत्रकांत कधी नसतो. १९८२ मध्ये ब्रायन इवाटा आणि सहकाऱ्यांनी स्वतःला मारून घेणाऱ्या ९ मुलांचा अभ्यास केला. प्रश्न असा होता: मूल हे करतंय ते का? तर कुणाला लक्ष वेधायचं असतं, कुणाला कामातून सुटका हवी असते, कुणाला ती संवेदनाच हवी असते. वागणं एक दिसलं तरी कारणं वेगळी. १९८५ मध्ये एडवर्ड कार आणि मार्क ड्युरांड यांनी पुढचं पाऊल टाकलं. त्या वागण्यातून मुलाला जे सांगायचं आहे, ते सांगायचा दुसरा मार्ग त्याला शिकवा. ‘मदत कर’ म्हणायला शिकवलं की आरडाओरडा कमी होतो. त्याच वर्षी डेलावेअरमध्ये अँडी बाँडी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी चित्रं देऊन मागणी करायची पद्धत, पेक्स, सुरू केली. ज्या मुलाला शब्द नाही त्याने पाण्याचं चित्र हातात द्यायचं. लोवास यांचेच सहकारी रॉबर्ट कोगल यांनी टेबल-खुर्चीवरचं शिकवणं खेळात आणि मुलाच्या आवडीत नेलं. म्हणजे वीस वर्षांत हे शास्त्र ‘झटका दे’पासून ‘कारण विचार’पर्यंत आलं. पूर्ण नाही आलं. अमेरिकेत एका संस्थेत विजेचे झटके चालूच राहिले, २०२० मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने त्यावर बंदी घातली आणि २०२१ मध्ये कोर्टाने ती उठवली, हेही खरं आहे.

आणि याच काळात ती मुलं मोठी होऊन स्वतः बोलायला लागली. १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक व्यक्तीने पालकांसमोर भाषण केलं. सार असं, की तुम्ही मनात धरलेल्या मुलासाठी शोक करताय, समोर आहोत ते आम्ही, आमच्याकडे बघा. नंतर अनेकांनी सांगितलं की हात झुलवणं थांबवायला लावणं, जबरदस्तीने डोळ्यांत डोळे घालायला लावणं यातून शिकण्यापेक्षा लपवणंच आलं. थेरपी हवी की नको यावर त्यांच्यातही मतभेद आहेत. पण एक प्रश्न त्यांनी कायमचा समोर ठेवला: हे ध्येय मुलाच्या सोयीचं आहे, की बघणाऱ्यांच्या?

आता आपल्याकडे येऊ. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझम नव्हताच. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्यात आला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांत त्याचा समावेश झाला. नॅशनल ट्रस्टच्या ‘निरामय’ विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण आहे आणि त्यात थेरपीचाही खर्च बसतो. बऱ्याच कुटुंबांना हे माहीतच नसतं. बाकी सगळं खिशातून. तेव्हा ४० तासांचा आकडा आपल्याकडे येतो तो विम्याशिवाय, प्रशिक्षित माणसांशिवाय येतो. पाऊण तासाची आठवड्याला दोन-तीन सेशन, आणि वर ‘जास्त तास घेतले असते तर...’ ही टोचणी.

पण आपल्याच शेजारी, गोव्यात, एक वेगळा प्रयोग झाला. इंग्लंडमध्ये २०१० साली १५२ मुलांवर तपासलेली एक पद्धत होती. आई किंवा बाप मुलाशी खेळतो, त्याचा व्हिडिओ काढायचा, मग थेरपिस्टसोबत बसून बघायचं: इथे मुलाने तुमच्याकडे पाहिलं, इथे तुम्ही थांबलात म्हणून तो बोलला. मुलाला टेबलापाशी बसवून धडे देणं नाही. गोव्याची ‘संगात’ ही संस्था आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीचे सहकारी यांनी तीच पद्धत इथल्या घरांना बेतली आणि तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षण दिलेल्या साध्या आरोग्यसेवकांकडून करवली. ६५ मुलं, वय २ ते ९, सहा महिन्यांत १२ भेटी. २०१६ मध्ये निकाल आला. आईबाप मुलाच्या कलाने प्रतिसाद द्यायला लागले आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली. एका मोजमापात, दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्यात, उलट घट दिसली, तीही त्यांनी प्रामाणिकपणे छापली. कुणी ‘बरं’ झालं नाही. तसा दावाही कुणी केला नाही.

मला वाटतं १९७३ आणि २०१६ हे दोन निकाल शेजारी ठेवून बघावेत. दोन्ही तेच सांगतात. मुलाच्या रोजच्या माणसांना शिकवा.

तर मग घरच्यांनी काय अपेक्षा ठेवावी? इतिहासातून मला समजलं ते असं.

नेमक्या कौशल्यांची अपेक्षा जरूर ठेवा. शौचाला सांगणं, कपडे घालणं, हवं ते मागणं, ‘नको’ सांगणं, रांगेत थांबणं. हळू होतं, पण होतं. आदळआपट आणि स्वतःला इजा करणं कमी होण्याचीही अपेक्षा ठेवा, पण समोरचा माणूस आधी कारण शोधत असेल तरच.

ऑटिझम जाईल, अशी अपेक्षा ठेवू नका. कोणतं मूल किती पुढे जाईल हे तीन वर्षांच्या वयात कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. जो सांगतो, त्याच्याकडून उठून या.

सेंटरमध्ये गेलात तर विचारा. पुढच्या तीन महिन्यांची ध्येयं लेखी द्याल का? प्रगती कशी मोजणार? मूल रडलं, उठून गेलं तर तुम्ही काय करता? आम्हाला खोलीत बसून बघता येईल का? घरी काय करायचं ते शिकवाल का? रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी आहे का? ज्या अमेरिकन मंडळाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेलं असतं, त्याने २०२३ पासून मोजके देश सोडून बाहेरच्यांचे नवे अर्ज घेणं बंद केलं आहे, त्यामुळे इथली नोंदणी विचाराच. दार बंद करून ‘तुम्ही बाहेर थांबा, तुमच्यासमोर तो ऐकत नाही’ एवढंच उत्तर मिळत असेल, तर सावध व्हा.

आणि ही गोष्ट फक्त घरापुरती सोडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची, डीईआयसीची, तरतूद आहे. आपल्या जिल्ह्यात ते कुठे आहे, तिथे कोणती पदं भरली आहेत, आईबापांना शिकवण्याचं काम होतं का, हे आमदारांना, जिल्हा परिषद सदस्यांना विचारता येतं. माहितीचा अधिकार वापरता येतो. आरोग्यसेवक हे काम करू शकतात हे गोव्यात दिसलंय. मग प्रत्येक आईने मुलाला घेऊन पुण्याचीच एसटी का धरायची?

तुमच्या जिल्ह्यातल्या केंद्राचा अनुभव असेल तर खाली लिहा, चांगला असो की वाईट. मुलाचं नाव, फोटो मात्र टाकू नका. आणि ओळखीत एखादी आई दोन वर्षं थेरपी करून स्वतःला दोष देत बसली असेल, तर तिला त्या १९ पैकी १० मुलांबद्दल जरूर सांगा.